जर्मनीत मास्टर्सला यायचंय? आधी तारखा आणि कागद बघा

आठवड्यातून एकदा तरी कुणाचा ना कुणाचा मेसेज येतोच, "ताई, जर्मनीत मास्टर्स करायचंय, प्रोसेस काय असते जरा सांग ना". जरा सांगण्यासारखी ती नाहीचे हो. दरवेळी तेच तेच टाइप करून कंटाळा आलाय म्हणून एकदाच बसून सगळं लिहिते, पुढच्या वेळी लिंक टाकून मोकळी. मी इथल्या एका सरकारी युनिव्हर्सिटीत इंग्लिशमधला दोन वर्षांचा मास्टर्स केलाय, आणि त्या दोन वर्षांत मला जो काही त्रास झाला त्यातला अभ्यासाचा फार कमी होता. अभ्यास होतो. घोळ होतात ते फॉर्मचे, सह्यांचे, पत्रांचे आणि तारखांचे. इथे तुमच्या मागे कुणीही लागत नाही. ऑफिसातून "अगं तुझा फॉर्म राहिलाय" असा फोन येत नाही, लेट फी भरून काम होत नाही, ओळख काढून तर अजिबातच नाही. तारीख गेली की थेट सहा महिन्यांनी भेटायचं. तेवढं डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

कोर्स कसा शोधायचा

बहुतेक जण उलटी सुरुवात करतात, आधी रँकिंगची यादी काढतात आणि मग त्या युनिव्हर्सिटीत आपल्याला काय मिळतंय ते बघतात. जर्मनीत रँकिंगला कुणी फारसं विचारत नाही, कंपनीवाले तर नाहीच, त्यांना तुमचे विषय, थिसिस आणि जर्मन भाषा किती येते यात रस असतो. त्यामुळे आधी कोर्स. डाड म्हणजे जर्मन सरकारच्या पैशावर चालणारी एक्स्चेंज संस्था आहे, तिच्या साइटवर इंग्लिशमधल्या कोर्सेसचा डेटाबेस फुकट आहे, तिथे फिल्टर लावून वीस-पंचवीस कोर्स काढा. मग त्यातल्या प्रत्येकाचं मोडूलहांडबुख डाउनलोड करा. हे नाव ऐकून घाबरू नका, कोर्समधल्या प्रत्येक विषयाचं एक-दोन पानी वर्णन असलेली ती पीडीएफ असते, आणि मास्टर्सबद्दलचं खरं काय ते तिथेच लिहिलेलं असतं.

त्यात काय बघायचं ते सांगते. एक म्हणजे विषयाला क्रेडिट किती. पूर्ण मास्टर्स साधारण १२० क्रेडिटचा, म्हणजे सेमिस्टरला ३०, आणि एक क्रेडिट म्हणजे जवळपास ३० तासांचं काम धरतात. म्हणजे ६ क्रेडिटचा विषय असेल तर १८० तास, त्यातले वर्गात जेमतेम ६०, उरलेले १२० तुमचे तुम्ही. दुसरं, परीक्षा लेखी की तोंडी की प्रोजेक्ट. तिसरं, विषय दोन्ही सेमिस्टरला असतो की फक्त विंटरला, म्हणजे ऑक्टोबरच्या सेमिस्टरला, कारण तुम्ही एप्रिलमध्ये सुरू केलंत आणि पायाचे विषय ऑक्टोबरमध्येच असले तर आधी कळस मग पाया असं होतं. आणि चौथं, कोर्स नक्की कुठल्या विभागाचा आहे. डेटा सायन्स नावाचे दोन कोर्स घ्या, एकात पहिल्याच सेमिस्टरला मेझर थिअरीसारखं जड गणित असतं आणि दुसरा बिझनेस विभागाचा असतो जिथे अर्धे विषय मॅनेजमेंटचे. नाव तेच, डिग्री वेगळी.

मग अ‍ॅडमिशनच्या अटी. इथे बऱ्याच ठिकाणी नुसती ग्रॅज्युएशनची डिग्री चालत नाही, "गणिताचे किमान इतके क्रेडिट, प्रोग्रामिंगचे किमान इतके" असं लिहिलेलं असतं आणि ते ते शब्दशः मोजतात. मी एक्सेल शीट केली होती, डावीकडे त्यांच्या अटी आणि उजवीकडे माझ्या मार्कशीटमधले विषय, त्यात वीसपैकी अकरा कोर्स तिथल्या तिथे बाद झाले. वाईट वाटलं, पण फीचे पैसे वाचले. तीन वर्षांची डिग्री असेल तर हे जास्तच नीट बघा, काही मास्टर्सना आधीचे २१० क्रेडिट लागतात आणि तीन वर्षांच्या डिग्रीचे ते सहसा १८० च धरतात. शिवाय तुमची युनिव्हर्सिटी अनाबिन नावाच्या सरकारी डेटाबेसमध्ये एच प्लस, म्हणजे मान्यताप्राप्त, आहे का ते पाच मिनिटांत बघून घ्या.

फाखहोखशूल हा शब्द दिसला तर ती कमी दर्जाची युनिव्हर्सिटी समजून सोडून देऊ नका. तिथे प्रॅक्टिकलवर भर असतो, वर्ग छोटे असतात, डिग्री कायद्याने तेवढीच. संशोधनात जायचं असेल तर युनिव्हर्सिटी बरी, नोकरीच करायची असेल तर माझं मत फाखहोखशूलकडे झुकतं. तिथलं सेमिस्टर बऱ्याचदा महिनाभर आधी, म्हणजे सप्टेंबर आणि मार्चला सुरू होतं, तेवढं धरून चला.

फीचं म्हणाल तर सरकारी युनिव्हर्सिटीत बहुतेक राज्यांत ट्यूशन फी नाही, फक्त सेमिस्टरचं योगदान भरायचं, साधारण १०० ते ४०० युरो, आणि त्यात बऱ्याच ठिकाणी प्रवासाचं तिकीटही येतं. पण "जर्मनीत शिक्षण फुकट" हे वाक्य आता सरसकट खरं नाही. बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्यात २०१७ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो आहेत. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने २०२४ च्या विंटरपासून मास्टर्सला सेमिस्टरमागे ४,००० ते ६,००० युरो लावलेत. आणि प्रायव्हेट वाल्यांचं तर विचारूच नका. फुकट सल्ला देणारे कन्सल्टंट बहुधा प्रायव्हेट कॉलेजांचीच नावं का पुढे करतात, तर त्यांना तिथून कमिशन मिळतं, सरकारी युनिव्हर्सिटी कुणाला दमडी देत नाही. कन्सल्टंट घ्यायचाच असेल तर पैसे देऊन घ्या आणि कोर्सची यादी मात्र स्वतः करा.

मार्कांचं गणित

इथे १.० म्हणजे सगळ्यात भारी आणि ४.० म्हणजे काठावर पास, ५.० म्हणजे नापास. आपले मार्क त्यात बदलायला एक ठरलेला फॉर्म्युला आहे, बव्हेरियन फॉर्म्युला म्हणतात त्याला. कमाल मार्कांतून तुमचे मार्क वजा करा, त्याला कमाल वजा पासिंग याने भागा, तीनने गुणा आणि एक मिळवा. सीजीपीए १० पैकी ८ असेल आणि पासिंग ४ असेल तर उत्तर येतं २.०. तोच ८ आणि पासिंग ५ असेल तर २.२. म्हणजे तुमच्या युनिव्हर्सिटीचं पासिंग किती आहे यावर तुमचा जर्मन ग्रेड बदलतो, आणि बऱ्याच कोर्सना २.५ ची रेषा असते, तिथे या दशांशाला किंमत आहे. म्हणून ट्रान्सक्रिप्टवर पासिंग आणि कमाल दोन्ही स्पष्ट छापलेलं आहे का बघा, नसेल तर कॉलेजकडून लेटरहेडवर तसं लिहून घ्या. हे पत्र मिळवायला मला अर्ज करण्यापेक्षा जास्त चकरा माराव्या लागल्या, तेव्हा शेवटच्या सेमिस्टरलाच उरकून टाका, एकदा पास आउट झालात की ऑफिसात कुणी ओळख दाखवत नाही.

एपीएस, युनी-असिस्ट, एसओपी

भारतातून येणाऱ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून स्टुडंट व्हिसासाठी एपीएस सर्टिफिकेट लागतं. म्हणजे तुमची डिग्री आणि मार्कशीट खऱ्या आहेत हे दिल्लीतलं एपीएसचं ऑफिस तपासून देतं. फी १८,००० रुपये. बऱ्याच युनिव्हर्सिट्या ते अर्जासोबतच मागतात, त्यामुळे व्हिसाच्या वेळी करू म्हणून ठेवू नका, सगळ्यात आधी हेच. सीझनमध्ये गर्दी झाली की वेळ वाढतो, आणि आत किती वेळ लागतोय त्यावर आपला काही कंट्रोल नसतो, आपल्या हातात फक्त लवकर पाठवणं असतं. मार्कशीटवर आणि पासपोर्टवर नाव वेगळं असेल, म्हणजे एकीकडे वडिलांचं नाव मधे आणि दुसरीकडे नाही असं, तर ते आधी निस्तरा.

अर्ज दोन वाटांनी जातात, काही थेट युनिव्हर्सिटीच्या पोर्टलवर आणि काही युनी-असिस्टमार्फत. युनी-असिस्ट म्हणजे बऱ्याच युनिव्हर्सिट्यांसाठी कागद तपासणारी एक मधली संस्था. एका सेमिस्टरच्या पहिल्या अर्जाला ७५ युरो, पुढच्या प्रत्येकाला ३०. पैसे पोचल्याशिवाय ते फाइल उघडत नाहीत आणि कागद कमी निघाला तर तो देण्यासाठी मुदत शिल्लक असावी लागते, म्हणून मुदतीच्या सहा-आठ आठवडे आधी अर्ज टाकायचा. काही युनिव्हर्सिट्या युनी-असिस्टकडून नुसतं ग्रेड रूपांतराचं प्रमाणपत्र मागतात, त्याला व्हीपीडी म्हणतात, ते घेऊन परत युनिव्हर्सिटीच्या पोर्टलवर वेगळा अर्ज करायचा असतो. हे न कळल्यामुळे "मी तर अप्लाय केलंय" म्हणून निवांत बसलेली आणि युनिव्हर्सिटीत अर्जच नसलेली माणसं मी बघितलीयत.

मुदती. १५ जुलै विंटरची आणि १५ जानेवारी समरची असं सगळीकडे वाचाल, ती जनरल तारीख झाली. इंग्लिश मास्टर्सच्या तारखा बऱ्याचदा त्याच्या खूप आधी असतात, मार्च, एप्रिल, मे. कोर्सच्या स्वतःच्या पानावर "नॉन-ईयू" (युरोपियन युनियनबाहेरचे) लिहिलेल्या रकान्यातली तारीख तेवढी आपली.

एसओपी, म्हणजे हा कोर्स का करायचाय ते सांगणारं पत्र, त्याबद्दल एकच सांगते, लहानपणी कॉम्प्युटर बघितला आणि डोळे चमकले असं काही लिहू नका. वाचणारा प्रोफेसर असे दोनशे चमकलेले डोळे वाचून बसलेला असतो. मोडूलहांडबुख वाचलंय ना, मग त्यातले दोन विषय नावानिशी घ्या, तुमच्या फायनल इयर प्रोजेक्टमध्ये कुठे अडलं होतं ते सांगा, आणि तो विषय त्या अडलेल्या जागी कसा उपयोगी पडेल ते लिहा. एक पान, फार तर दीड. कॉपी-पेस्ट करून दुसऱ्याच युनिव्हर्सिटीचं नाव राहून गेलंय का ते पाठवण्याआधी कंट्रोल-एफ मारून बघा, हसू नका, मी एकदा पाठवलंय तसं. अर्थात तिथून नकारच आला.

इंग्लिशचं, आयेल्ट्समध्ये ६.५ असलं की बरीचशी दारं उघडतात. कॉलेजचं "शिक्षण इंग्लिशमधून झालं" असं पत्र सगळीकडे चालत नाही, त्या भरवशावर राहू नका.

पैसे आणि व्हिसा

व्हिसासाठी एक वर्षाचा खर्च आधीच ब्लॉक अकाउंटमध्ये टाकून दाखवावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे, म्हणजे महिन्याला ९९२. पैसे तुमचेच असतात, पण इथे आल्यावर दर महिन्याला ९९२ एवढेच सुटतात. पाठवताना मधल्या बँका चार्ज कापतात आणि अकाउंटमध्ये ११,८८० वगैरे पोचतात, मग त्या वीस-पंचवीस युरोसाठी कन्फर्मेशन अडकून बसतं, तेव्हा थोडे जास्तच पाठवा. आणि रक्कम भरायच्या दिवशी जर्मन दूतावासाच्या साइटवर चालू आकडा बघा, ती बदलत असते.

दुसरी गोष्ट, पहिला हप्ता सुटायला इथलं बँक अकाउंट वगैरे लागतं, म्हणजे पहिले दोन-चार आठवडे हे पैसे हातात नसतात. त्याच महिन्यात डिपॉझिट, भाडं, सेमिस्टरचे पैसे, गादी, भांडी सगळं एकदम येतं. दीड-दोन हजार युरो वेगळे फोरेक्स कार्डवर असू द्या. व्हिसाला अ‍ॅडमिशन लेटर आल्या आल्या लागा, तीन महिने तरी हाताशी पाहिजेत.

घर, म्हणजे खरी परीक्षा

अ‍ॅडमिशन मिळवण्यापेक्षा खोली मिळवणं अवघड आहे, विशेषतः म्युनिक, फ्रँकफुर्ट, हॅम्बुर्ग, बर्लिन अशा शहरांत. होस्टेल युनिव्हर्सिटीचं नसतं, श्टुडीरेंडेनवेर्क नावाच्या वेगळ्या संस्थेचं असतं, त्यामुळे अ‍ॅडमिशन झाली म्हणजे होस्टेल मिळालं असं काही नाही. त्यांची वेटिंग लिस्ट काही शहरांत दोन-तीन सेमिस्टर जाते. बऱ्याच ठिकाणी अ‍ॅडमिशन लेटर यायच्या आधीही नाव नोंदवता येतं, नोंदवा, काही जात नाही.

नाही मिळालं तर वेगे, म्हणजे फ्लॅट शेअर करणं. तिथे तुमचा इंटरव्ह्यू होतो, अक्षरशः. आधीचे दोन-तीन जण स्वयंपाकघरात बसून तुम्हाला विचारतात तुम्ही किती वाजता झोपता, भांडी लगेच घासता की साठवता. मेसेज पाठवताना जर्मनमध्ये चार ओळी, स्वतःबद्दल, आणि त्यांच्या जाहिरातीतल्या एखाद्या गोष्टीचा उल्लेख. एकच मेसेज सगळ्यांना पाठवला की ते ओळखतात.

जाहिरातीत काल्टमीटे आणि वार्ममीटे असे दोन आकडे असतात. पहिला नुसत्या खोलीचा, दुसऱ्यात हीटिंग, पाणी, कचरा वगैरे धरलेलं. तुमच्या खिशातून दुसरा जाणार, वर वीज आणि इंटरनेट कधीकधी वेगळं. डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेइतकंच घेता येतं आणि ते तीन हप्त्यांत द्यायचा तुम्हाला हक्क आहे. रिकामा फ्लॅट घेतलात तर "रिकामा" म्हणजे खरंच रिकामा, स्वयंपाकघरात ओटा नाही, सिंक नाही, छतातून दोन वायरी लोंबकळतायत कारण आधीचा माणूस बल्बसकट दिवा घेऊन गेला. माझ्या मैत्रिणीने पहिली रात्र मोबाइलच्या टॉर्चवर काढलीय.

फसवणूक. मालक म्हणतो मी सध्या परदेशात कामाला आहे, फ्लॅट मोक्याच्या जागी, भाडं बाकीच्यांपेक्षा निम्मं, तू डिपॉझिट पाठव मी चावी कुरियर करतो. पासपोर्टचा फोटोही पाठवतो, तो तसाच दुसऱ्या कुणाचा चोरलेला असतो. फ्लॅट स्वतः किंवा ओळखीच्या कुणी आत जाऊन बघितल्याशिवाय एक युरो पाठवायचा नाही. त्यापेक्षा पहिला महिना तात्पुरती जागा घ्या आणि इथे येऊन शोधा, फक्त तिथे आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंद, होईल का ते बुकिंगच्या आधी विचारा.

पहिले पंधरा दिवस

आनमेल्डुंग म्हणजे राहत्या पत्त्याची सरकारी नोंद. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते आणि बहुतेक सगळं त्याच्यावर अडतं, टॅक्स नंबर, रेसिडन्स परमिट, बऱ्याचदा बँकसुद्धा. त्यासाठी नुसता भाडेकरार चालत नाही, मालकाच्या सहीचा वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग नावाचा एक कागद लागतो, नाव लांब पण कागद एक पानी. अपॉइंटमेंट ऑनलाइन मिळते आणि मोठ्या शहरात लवकर मिळत नाही, सकाळी सात-साडेसातला साइट रिफ्रेश करत बसलं की रद्द झालेल्या जागा दिसतात. अपॉइंटमेंट उशिराची मिळाली तर बुकिंगचा ईमेल जपून ठेवा.

आता माझी गंमत. आनमेल्डुंग झाली, बँकेत अकाउंट काढलं, त्यांनी सांगितलं कार्ड आणि पिन पोस्टाने येईल. आठवडा गेला, दोन गेले. इन्शुरन्सचं पत्र येणार होतं तेही नाही. मी रोज खाली जाऊन लेटरबॉक्स उघडायचे, आत पिझ्झाच्या जाहिराती. शेवटी वरच्या मजल्यावरच्या आजींनी माझ्याकडे बघितलं, मग लेटरबॉक्सकडे बोट केलं आणि म्हणाल्या, "नाव कुठाय?" डब्यावर माझ्याआधीच्या मुलीचं आडनाव तसंच होतं. इथे पोस्टमन फ्लॅट नंबर बघत नाही, बहुतेक बिल्डिंगना फ्लॅट नंबर नसतोच, तो आडनाव बघतो आणि नसेल तर पत्र परत. कागदाच्या चिटोऱ्यावर नाव लिहून सेलोटेपने चिकटवलं, दुसऱ्या आठवड्यापासून टपाल सुरू. परत गेलेला पिन पुन्हा मागवायला अजून दहा दिवस गेले ते वेगळेच. तेव्हा बॅगा खोलीत ठेवल्या की आधी खाली जाऊन नाव लावा, बेलवर पण.

हेल्थ इन्शुरन्स तिशीच्या आतल्यांनी सरकारी, म्हणजे पब्लिक, घ्यावा असं माझं ठाम मत आहे. महिन्याला साधारण १४०-१५० युरो जातात आणि प्रायव्हेटची जाहिरात ३०-४० युरोत दिसते म्हणून मोह होतो. पण एकदा प्रायव्हेटसाठी सूट घेतलीत की शिक्षण संपेपर्यंत पब्लिकमध्ये परत येता येत नाही. पब्लिकचं कव्हर सेमिस्टरपासून सुरू होतं, तुम्ही सप्टेंबरच्या मध्यात उतरणार असाल तर मधल्या दिवसांचा ट्रॅव्हल इन्शुरन्स काढून या.

पत्त्याची नोंद झाली की महिन्याभरात रेडिओ-टीव्हीच्या फीचं पत्र येतं, महिन्याला १८.३६ युरो. घरात टीव्ही नसला तरी भरायचं असतं. पण ही फी घरामागे असते, माणसामागे नाही, वेगेत आधीच कुणी भरत असेल तर त्याचा नंबर कळवायचा की सुटलात, मग आपापसांत वाटून घ्या. पत्र जर्मनमध्ये असतं, कचरा समजून फेकू नका.

आणि व्हिसा संपायच्या आत रेसिडन्स परमिटसाठी परदेशी नागरिकांच्या ऑफिसात अर्ज. अपॉइंटमेंटला महिनोनमहिने लागतात, म्हणून आल्या आठवड्यात ईमेल टाकून ठेवा. मुदतीच्या आत अर्ज केला असला की निर्णय होईपर्यंत राहता येतं, त्याचा तात्पुरता कागद मागून घ्या.

परीक्षा

पहिल्या लेक्चरला मी दहाच्या ठोक्याला पोचले तर वर्ग रिकामा. वेळापत्रकात १० च्या पुढे सी.टी. लिहिलेलं असेल तर लेक्चर सव्वादहाला सुरू होतं, एस.टी. असेल तर बरोब्बर दहाला. संपल्यावर सगळ्यांनी बाकांवर बोटांच्या पेरांनी ठकठक केलं, मला वाटलं निषेध चाललाय. टाळ्यांच्या जागी ते तसं करतात.

तर परीक्षा. विषयाला नाव घातलं म्हणजे परीक्षेला नाव लागलं असं इथे नसतं. परीक्षेची नोंदणी वेगळी, वेगळ्या पोर्टलवर, सेमिस्टरच्या मध्यात दोन-तीन आठवड्यांची खिडकी उघडते आणि बंद होते. मी पहिल्या सेमिस्टरला एका विषयाची नोंदणी दोन दिवसांनी चुकवली. सगळी लेक्चर्स केलेली, सगळी असाइनमेंट दिलेली, नोट्स तर वर्गात माझ्याच फिरत होत्या. परीक्षा विभागात गेले, तिथल्या बाईंनी शांतपणे स्क्रीन माझ्याकडे वळवून तारीख दाखवली आणि म्हणाल्या पुढच्या सेमिस्टरला. प्रोफेसरांना ईमेल केला, ते म्हणाले माझ्या हातात नाही. खरंच नव्हतं. तो विषय वर्षातून एकदाच शिकवत, पण परीक्षा दोन्ही सेमिस्टरला घेत, म्हणून फक्त सहा महिन्यांवर निभावलं. तेव्हा ऑक्टोबरमध्येच कोर्सची परीक्षा नियमावली, म्हणजे प्र्युफुंग्सओर्डनुंग, काढा आणि तारखा फोनच्या कॅलेंडरमध्ये दोन-दोन अलार्म लावून टाका.

नियमावलीत अजून तीन गोष्टी शोधा. नाव मागे कधीपर्यंत घेता येतं, कारण तयारी झाली नसेल तर वेळेत नाव काढणं आणि नुसतं न जाणं यात फरक आहे, न गेलात तर ५.० लागतो आणि एक प्रयत्न गेला. आजारी पडलात तर डॉक्टरचं सर्टिफिकेट किती दिवसांत द्यायचं, सहसा तीनेक दिवस असतात आणि ते परीक्षेच्या दिवसाचंच लागतं. आणि एकूण प्रयत्न किती. बहुतेक ठिकाणी तीन. केटी लागली, बघू पुढे, अशी सवय असेल तर ती मोडा, कारण सक्तीच्या विषयात तिसऱ्यांदा नापास झालात की कोर्समधून नाव कमी होतं आणि तोच कोर्स जर्मनीत दुसरीकडेही करता येत नाही, वर परमिटही शिक्षणावरच टिकून असतं.

इंटर्नल मार्क वगैरे भानगड फारशी नाही, बऱ्याच विषयांत शेवटची एक परीक्षाच पूर्ण ग्रेड ठरवते. निकालानंतर पेपर बघायला एक दिवस देतात, आइनझिष्ट म्हणतात, तिथे जाच. मला एकदा ४ मार्क जास्त मिळाले, बेरीज चुकली होती. ३.० चा २.७ झाला.

काम करून शिकणं

मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. लेक्चर चालू असताना आठवड्याला २० तासांपुढे गेलात तर इन्शुरन्सवाले तुम्हाला विद्यार्थी धरत नाहीत, ते सांभाळा. युनिव्हर्सिटीतली असिस्टंटची नोकरी, इथे तिला हिवी म्हणतात, त्या दिवसांच्या कोट्यात मोजत नाहीत. किमान वेतन २०२५ मध्ये तासाला १२.८२ युरो होतं, जानेवारी २०२६ पासून १३.९०. स्वतःचं बिल करून फ्रीलान्सिंग मात्र स्टुडंट परमिटवर परवानगी न घेता चालत नाही, काही डिलिव्हरीवाले तसं कॉन्ट्रॅक्ट पुढे करतात, सही करायच्या आधी वाचा.

पहिल्या सेमिस्टरला मिळकत शून्य धरा. हिवीची जाहिरात बऱ्याचदा निघतच नाही, ज्या प्रोफेसरच्या विषयात चांगला ग्रेड आलाय त्यांना थेट ईमेल करायचा, मला तशीच मिळाली. बाहेर कंपनीत वेर्कश्टुडेंट, म्हणजे शिकता शिकता काम करणारा विद्यार्थी, म्हणून घुसायला जर्मन लागतं. कोर्स इंग्लिशमध्ये असला म्हणून भाषा टाळू नका, यायच्या आधी जर्मनची ए-२ लेव्हल करून या, इथल्यापेक्षा घरी बसून स्वस्तात होतं, इथे आल्यावर असाइनमेंटच्या ढिगाऱ्यात क्लासला वेळ मिळत नाही, आणि नोकरी शोधताना सगळे त्याच्या बऱ्याच वरची बी-२ लेव्हल मागतात. डिग्रीनंतर नोकरी शोधायला १८ महिन्यांचं परमिट मिळतं, त्यातले पहिले सहा भाषा शिकण्यात घालवलेले बरेच जण माहितीयत.

थिसिस आणि शेवटचे कागद

थिसिस ३० क्रेडिटचा, सहा महिने, आणि त्यालाही नोंदणी आहे, ती झाल्यापासून दिवस मोजतात. कंपनीत करायचा असेल तरी युनिव्हर्सिटीतला गाइड आधी पक्का करा, कंपनीने विषय दिला आणि गाइड कुणी होईना असं झालं की दोन्हीकडून लटकता. पुढच्या सेमिस्टरचे पैसे भरायची तारीख, रुकमेल्डुंग, थिसिसच्या गडबडीत विसरते हमखास, न भरल्यास नावच कमी होतं.

सर्टिफिकेट हातात यायला काही आठवडे जातात, तोवर सगळे क्रेडिट पूर्ण झाल्याचं पत्र परीक्षा विभागाकडून मागून घ्या, परमिट बदलायला त्याचा उपयोग होतो. शहर बदलणार असाल तर नव्या ठिकाणी परत दोन आठवड्यांत आनमेल्डुंग, देश सोडणार असाल तर नाव काढायचं, त्याला आबमेल्डुंग म्हणतात. रेडिओची फी आबमेल्डुंगने आपोआप बंद होईल म्हणून बसू नका, तिला वेगळं पत्र टाका. डिपॉझिट परत यायला मालक बरेच महिने लावतात, हीटिंगचा वार्षिक हिशोब व्हायचा असतो म्हणून, तेव्हा इथलं बँक अकाउंट लगेच बंद करू नका. आणि पोस्टात पैसे भरून टपाल नव्या पत्त्यावर वळवायची सोय आहे, ती निघायच्या आठवडाभर आधी करा.